‘हे काम माझे’ असे कोण म्हणेल?

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील कापसी-कोपरी या गावी पोलिओ लसीकरण चालू होते. त्या दिवशी पाच वर्षांखालील बारा बालकांच्या तोंडात लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलवावे लागले. सुदैवाने सारी बालके बचावली. लगोलग चौकशी लागली, तिघांवर कारवाईचा बडगा उगारला गेला, वृत्तवाहिन्यांनी दोन दिवस यवतमाळचे नाव देशभर गाजवले आणि विषय संपला.

तो संपला बातमीपुरता. पोलिओ लसीच्या कुपीवर एक छोटा चौकोन असतो. उष्णतेने लस निकामी झाली की त्याचा रंग बदलतो, आणि तो पाहूनच थेंब पाजायचे असतात. हातातील कुपीकडे नीट पाहणे हा या कामाचा पहिलाच धडा. एक नव्हे, दोन नव्हे, बारा बालकांपर्यंत हे पाहणे का घडले नाही? या प्रश्नाला ‘हलगर्जीपणा’ असे उत्तर दिले जाते. परंतु हलगर्जीपणा हे घटनेचे नाव झाले, ते तिचे कारण नव्हे. शिवाय ज्या यंत्रणेच्या हातून हे घडले, त्याच यंत्रणेने उन्हातान्हात, वाड्यावस्त्यांवर, शीतपेट्या खांद्याला लावून या देशातून पोलिओ हद्दपार केला आहे. भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. एकाच यंत्रणेत एवढी निष्ठा आणि एवढी बेफिकिरी एकत्र कशी नांदते, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

सर्वनामांचा सुकाळ

कर्मचाऱ्याने नेमून दिलेले काम उरकण्यापुरते न करता ते आपले मानून करावे, ही अपेक्षा जुनीच आहे. अलीकडे तिला शास्त्राचे बळ मिळाले आहे. जॉन पिअर्स, तातियाना कोस्तोव्हा आणि कर्ट डर्क्स या अभ्यासकांनी २००१ मध्ये संस्था आणि माणूस यांच्यातील या नात्याची पद्धतशीर मांडणी केली. कागदोपत्री मालकी नसतानाही एखादी वस्तू, जागा वा काम ‘माझे’ वाटणे, या भावनेला त्यांनी मानसिक स्वामित्व म्हटले. आपण तिला साध्या मराठीत आपलेपणा म्हणू. हा आपलेपणा तीन वाटांनी येतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्या कामावर आपला काही अधिकार चालला पाहिजे, ते काम आतून-बाहेरून आपल्याला ठाऊक झाले पाहिजे, आणि त्यात आपण स्वतःचे काही घातले पाहिजे, मग ते श्रम असोत, बुद्धी असो वा आयुष्याची वर्षे.

ही मांडणी व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून कार्यालयांत आली खरी, पण येताना तिच्यातील अवघड भाग वाटेतच गळून पडला. उरले ते सर्वनाम. खासगी उद्योगांच्या वार्षिक मेळाव्यांत ‘ही कंपनी तुमचीच आहे’ असे सांगितले जाते. शासनही मागे नाही. आपल्याकडे ‘आपले सरकार’ नावाचे संकेतस्थळ आहे, ‘माझी वसुंधरा’ नावाचे अभियान आहे. २०२० मध्ये करोनाच्या ऐन लाटेत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबवली गेली, तेव्हा घरोघरी जाऊन तापमान आणि प्राणवायूची पातळी मोजण्याचा भार मुख्यत्वे आशा कार्यकर्तींवर आणि त्यांच्या सोबतच्या पथकांवर पडला. त्याच वर्षी केंद्राने नोकरशाहीची मनोवृत्ती बदलण्यासाठी ‘मिशन कर्मयोगी’ जाहीर केले. उद्देश चांगलेच आहेत. परंतु ‘माझे’ हा शब्द फलकावर लिहिल्याने मनात उमटत नाही. तो ज्याने म्हणावयाचा, त्याला तो म्हणण्याचे कारण मिळावे लागते.

शकुंतलेचे सात जण

असे कारण कसे मिळते आणि ते पुरेसे कसे ठरत नाही, या दोन्ही गोष्टी यवतमाळकरांनी एका छोट्या गाडीत पाहिल्या आहेत. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची, अडीच फूट रुंदीची अरुंदमापी लोहमार्गाची वाट किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातील कापूस वाहून नेण्यासाठी उभारली. त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी नावाची कंपनी काढण्यात आली. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाले, पण ही वाट त्यातून सुटली. गाडी चालवायची मध्य रेल्वेने आणि मार्गाची मालकी मात्र खासगी कंपनीची, अशी अजब व्यवस्था पुढे अनेक दशके टिकली. मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन सत्तरहून अधिक वर्षे ही गाडी ओढत राहिले. १९९४ च्या एप्रिलमध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आले.

लोकांनी जिला लाडाने ‘शकुंतला’ म्हटले, त्या गाडीवर अखेरच्या काळात जेमतेम सात जणांचा ताफा असे, असे वृत्तान्त त्या वेळी वारंवार प्रसिद्ध झाले. तिकिटे द्यायची तीच माणसे, सिग्नल ओढायचे त्यांनीच, डबे इंजिनापासून सोडवायचे त्यांनीच. वाटेत रस्ता आडवा आला की गाडी थांबवून उतरायचे, फाटक लावायचे, गाडी पुढे काढायची आणि पुन्हा मागे येऊन फाटक उघडायचे. नियमांच्या पुस्तकात या प्रत्येक कामाला वेगळा हुद्दा आहे. ‘हे माझ्या कामात बसत नाही’ असे त्यांपैकी कोणीही म्हटले असते तर गाडी पहिल्याच फाटकावर अडली असती. मार्ग परक्या कंपनीचा, इंजिन मध्य रेल्वेचे, आणि तरीही गाडी आपली, असे हे नाते होते. पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या तीनही वाटा येथे आपोआप खुल्या झाल्या होत्या. गाडी कुठे थांबवायची हे त्या सात जणांच्या हाती होते. मार्गाचा प्रत्येक चढ आणि प्रत्येक वळण त्यांना पाठ होते. उमेदीची वर्षे त्यांनी त्यात घातली होती.

ही कथा येथेच थांबवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. सात जणांवर सगळे काम येण्याचे कारण त्यांची निष्ठा हे नव्हते, तर वरच्यांची अनास्था हे होते. मालक कंपनीला मार्गात भांडवल घालण्यात रस नव्हता. रेल्वेला दुसऱ्याच्या मालकीच्या मार्गावर खर्च करावयाचा नव्हता. रूळ झिजत गेले, वेग घटत गेला, आणि ब्रॉडगेजच्या घोषणा होत असतानाच गाडी बंद पडली. ज्यांना ती आपली वाटत होती त्यांच्या हाती तिचे भवितव्य नव्हते आणि ज्यांच्या हाती भवितव्य होते त्यांना ती आपली वाटत नव्हती. कर्मचाऱ्यांच्या आपलेपणावर संस्था काही काळ ढकलता येते. त्या आपलेपणाला वरून साथ मिळाली नाही तर एक दिवस दोन्ही संपतात.

कागदावरची मालकी

याच्या उलट चित्रही महाराष्ट्राला परिचित आहे. सहकाराने शेतकऱ्याच्या हाती भागपत्र दिले आणि तो कारखान्याचा, सूतगिरणीचा कायदेशीर मालक झाला. परंतु विदर्भातील अनेक सहकारी सूतगिरण्या डबघाईला आल्या, तेव्हा त्या वाचवण्यासाठी सभासद धावून आल्याचे दृश्य अभावानेच दिसले. वर्षातून एकदा सभेला जायचे आणि हात वर करायचा, एवढाच ज्याचा संबंध, त्याला भागपत्राने मालक केले तरी मनाने तो पाहुणाच राहतो.

कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे उदाहरण याहून बोलके आहे. मालकांच्या भांडणात बंद पडलेला हा कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवावा, या योजनेला १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची संमती मिळाली. देशातील कामगार चळवळीने त्या प्रयोगाकडे मोठ्या आशेने पाहिले. आरंभी त्याला यशही आले, पुढे मात्र तो अडचणीत सापडला. त्यातून एवढे निश्चित दिसले की मालकीचा कागद हाती आल्याने माणूस कामाचा धनी होत नाही. रोजच्या कामातील निर्णयांत त्याचा शब्द किती चालतो यावर ते ठरते.

वसंतरावांचा जिल्हा

अधिकार आणि जबाबदारी एकाच ठिकाणी असावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. आणि तो ज्यांनी राज्याच्या कारभारात उतरवला ते याच जिल्ह्याच्या पुसद तालुक्याचे होते. लोकशाही विकेंद्रीकरणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते. त्या समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, विहिरी यांचा कारभार जिल्ह्यातच ठरावा, मुंबईकडे डोळे लावून बसावे लागू नये, ही त्यामागची दृष्टी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजींना गाव ‘आमचे गुरुजी’ म्हणत असे आणि गुरुजी शाळेला ‘माझी शाळा’ म्हणत, त्याला या रचनेचा आधार होता.

साठ वर्षांनंतर त्या रचनेचे काय झाले आहे? जबाबदारी जिल्ह्यात राहिली, अधिकार हळूहळू वर सरकला. शिक्षकाने कोणती माहिती कोणत्या रकान्यात किती वाजेपर्यंत भरावयाची हे राज्यस्तरावर ठरते. आरोग्यसेविकेने कोणते ॲप वापरावयाचे हे त्याहूनही वर ठरते. भरलेली माहिती वर जाते, पण तिच्यावरून आपल्या गावाबद्दल काय कळले हे भरणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. कामाचे फळ कर्त्याच्या दृष्टीस पडले नाही की काम म्हणजे नुसता रकाना होतो. आणि रकाना भरणाऱ्याचे लक्ष रकान्यावरच असणार, समोरच्या माणसावर ते असेलच याची शाश्वती कोणी द्यावी?

विभागांच्या भिंतींमुळे हा धोका किती वाढतो हे यवतमाळने २०१७ मध्ये फार मोठी किंमत देऊन पाहिले. त्या वर्षी जुलैपासून कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन रुग्णालयांत येऊ लागले. पण प्रकरणाचे खरे गांभीर्य राज्यासमोर आले ते सप्टेंबर सरता सरता आणि ऑक्टोबरात. तोवर शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले होते. जिल्ह्यातील मृतांचा आकडा पुढे वीसवर गेला. शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. कीटकनाशकांची विक्री व वापर हा कृषी विभागाचा विषय, रुग्ण हा आरोग्य विभागाचा, मृत्यूची नोंद पोलिसांची आणि मदतीची रक्कम महसूल विभागाची. विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करता यावे, यासाठी १९६८ च्या कीटकनाशक कायद्यातच तरतूद आहे. तरीही रुग्णालयातील खाटा, दुकानातील बाटली आणि शेतातील पंप यांचा संबंध जोडून ‘हे थांबवणे माझे काम आहे’ असे वेळेवर म्हणणारा कोणी निघाला नाही. प्रत्येकाने आपापले काम नियमाप्रमाणे केलेही असेल. एकूण काम मात्र कोणाचेच नव्हते.

आशाताईंचा हिशेब

आपलेपणाचा हा सारा विचार जिच्यापाशी येऊन अडतो ती म्हणजे आशा कार्यकर्ती. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले, तेव्हा साधारण हजार लोकवस्तीमागे एक, त्याच गावची स्त्री निवडण्याची योजना आखली गेली. योजना आखणाऱ्यांना माणसाच्या मनाची जाण होती. कोणाच्या घरी कोण गरोदर आहे, कोणत्या म्हातारीने क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या, कोणत्या पाड्यावर पावसाळ्यात गाडी पोहोचत नाही, हे गावच्याच सुनेला ठाऊक असते. वरच्या तीन वाटांपैकी दोन तिच्यासाठी पहिल्या दिवसापासून मोकळ्या होत्या. तिला गाव माहीत होते आणि तिने त्यात आपला घाम घातला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये देशभरातील आशांचा जागतिक सन्मान केला तो याच कामासाठी.

तिसरी वाट, म्हणजे अधिकाराची, मात्र बंदच राहिली. शासनाच्या लेखी ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला वेतन नाही, मोबदला आहे आणि तोही मुख्यतः कामागणिक. अंगणवाडी सेविकांचीही स्थिती फार वेगळी नाही. त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे हे ठरण्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविका संपावर गेल्या. आशांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या आरंभी काम थांबवले, तेव्हा कुठे त्यांच्या मोबदल्यात वाढ करण्याचा निर्णय झाला. जिला आपण कर्मचारी म्हणावयास तयार नाही, तिच्याकडून मालकाइतक्या जबाबदारीची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? चूक झाली की ती यंत्रणेचा भाग असते, आणि हक्क मागितला की ती स्वयंसेविका ठरते. हा हिशेब न जुळणारा आहे.

आता एका आक्षेपाचा विचार करावयास हवा, आणि तो हलका नाही. कायम नोकरी, वेतन आयोग, निवृत्तिवेतन हे सारे असलेल्या कर्मचाऱ्यांत तरी आपलेपणा कुठे ओसंडून वाहतो, असे वाचक विचारतील. यवतमाळच काय, राज्यातील कोणत्याही कार्यालयात दाखल्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर असे की तेथेही स्वामित्वभावना असते, पण ती कामाऐवजी टेबलाला चिकटलेली असते. ‘ही फाईल माझी आहे, ती मी सांगेन तेव्हा हलेल’ ही देखील मालकीच आहे. अभ्यासकांनीही स्वामित्वभावनेची ही काळी बाजू नोंदवली आहे. आपले म्हटले की माणूस ते जपतो, तसेच ते दडवतो आणि अडवतोही. म्हणूनच राज्याला २००५ मध्ये बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा करावा लागला. कोणतीही फाईल कर्मचाऱ्यापाशी साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये, असे तो सांगतो. नोकरीची सुरक्षा आपलेपणाला आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. अधिकार हवा तो काम पुढे नेण्याचा, ते अडवून धरण्याचा नव्हे. हा फरक रचनेनेच करावा लागतो, प्रवचनाने तो होत नाही.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे थांबवण्याचा अधिकार. जपानच्या टोयोटा कंपनीत साखळीवर काम करणारा साधा कामगार काही चुकते आहे असे वाटताच दोरी ओढून काम थांबवण्याचा इशारा देऊ शकतो. त्याने ओढलेल्या दोरीबद्दल त्याला जाब विचारला जात नाही. उलट अडचण काय आहे हे पाहण्यासाठी वरिष्ठ धावत येतो. लसीकरणाच्या केंद्रावर आशाला, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला, फवारणीच्या शेतात मजुराला ‘थांबा’ म्हणण्याचा असा निर्वेध हक्क आहे काय? कापसी-कोपरीत नेमके काय घडले हा चौकशीचा विषय. परंतु जेथे शंका काढणे म्हणजे वरिष्ठाचा अवमान ठरतो, तेथे चार डोळे असूनही पाहणारा एकही नसतो.

दुसरी गोष्ट थोड्या पैशाची आणि मोठ्या विश्वासाची. ग्रामीण आरोग्य अभियानाने उपकेंद्राला आणि गावाच्या आरोग्य समितीला वर्षाकाठी दहा हजार रुपयांचा अबंधित निधी देण्याची तरतूद आरंभी केली होती. रक्कम क्षुल्लक आहे. पण नळाची तोटी बदलण्यासाठी तालुक्याची मंजुरी लागू नये, हा विचार क्षुल्लक नव्हता. खर्चाची गरज ज्याला दिसते त्याच्याच हाती थोडा खर्च सोपवला की दवाखाना त्याचा होऊ लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे भरलेल्या माहितीचे फळ परत खाली येणे. गावातील किती बालकांचे वजन वाढले हे मंत्रालयाला कळते, तसे ते सेविकेलाही तिच्याच गावच्या भाषेत कळले पाहिजे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. चूक कळवणाऱ्याला शिक्षेचे भय असता कामा नये. चूक घडली की तिघांना निलंबित करणे सोपे असते, जनतेचा रागही त्याने शमतो. परंतु निलंबनाची बातमी वाचणारे जिल्ह्यातील शेकडो कर्मचारी त्यातून कोणता धडा घेतात? ‘मी लक्ष दिले पाहिजे’ हा, की ‘माझे नाव यात येता कामा नये’ हा? पहिला धडा आपलेपणाचा आहे, दुसरा अंग चोरण्याचा. अक्षम्य दोषाला शासन व्हावे यात दुमत नाही. पण शासनाबरोबर केंद्रावरील माणसांची संख्या, त्यांच्यावरील कामांची यादी आणि सॅनिटायझर व लस एकाच टेबलावर का होती याचीही चौकशी झाली पाहिजे, आणि तिचे निष्कर्ष बारा बालकांच्या आईबापांना वाचावयास मिळाले पाहिजेत.

पोलिओचा रविवार दरवर्षी येतो. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात सकाळपासून केंद्रे उघडतात आणि आईबाप कडेवर मुले घेऊन रांगेत उभे राहतात. कुपी हातात धरणाऱ्या ताईला ते नाव विचारत नाहीत, हुद्दा विचारत नाहीत. ती पाहून थेंब पाजेल, एवढेच ते धरून चालतात. त्यांचा हा विश्वास फोल ठरू नये अशी इच्छा असेल, तर त्या ताईने ‘हे काम माझे’ असे म्हणावे यासाठी आपण तिला काय दिले, हे आधी विचारावे लागेल.